मनोरुग्णांच्या संस्था आणि सल्लागार मंडळात रुग्णांचे स्थान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मजसारख्या एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, ह्याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे अध्यापनाची पदविका घेऊन ३८ वर्षे मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले, एवढीच माझी पुंजी. व्यासपीठावर नामांकित डॉक्टर आणि वकील विराजमान असता मी विद्वत्तेचा आव आणणे हास्यास्पद होईल. आपल्या चिटणीसांनी मला 'मनाचे आरोग्य आणि आपली संस्कृती' असा विषय सुचविला होता. तो मी घेतला नाही, ह्याची त्यांनी क्षमा करावी. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी जे सांगणार आहे ते ह्या सभागृहात कदाचित मलाच सांगता येण्यासारखे आहे.

आपणांस विदित आहेच की, आपल्या ज्ञातीतील एका उदार कुटुंबाने गावाबाहेरचे आपले बारा खोल्यांचे घर मंडळास अर्पण केले असून, मनाच्या दुखण्यातून उठलेल्या परंतु लगेच घरी परतू न शकणाऱ्या माणसांसाठी तेथे एक निवासस्थान काढण्याचे मंडळाने योजिले आहे. नोंदणीचे काम वकीलसाहेब पाहात आहेत. ह्या निवासस्थानाच्या सल्लागार मंडळाच्या नियमांचा कच्चा मसुदा सभासदांच्या अवलोकनार्थ गेल्या महिन्यात फिरविण्यात आला. त्यात नऊ जागा आहेत. तीन डॉक्टर, एक वकील, एक हिशेबतपासनीस, एक निवृत्त अभियंता, दात्यांचे दोन प्रतिनिधी आणि पदसिद्ध अध्यक्ष. ही सर्व माणसे सज्जन आहेत, त्यांच्या हेतूविषयी शंका घेणारा कृतघ्न ठरेल. परंतु ज्यांच्यासाठी हे घर उघडावयाचे, त्यांच्यापैकी एकही माणूस ह्या नऊ जणांत नाही. इतकेच नव्हे, तर सातव्या कलमात मंडळाच्या जुन्या घटनेतून जसेच्या तसे उतरवून घेतलेले एक वाक्य आहे: 'विकल मनाच्या व्यक्तीस सभासद होता येणार नाही.' म्हणजे रुग्णांची आठवण राहिली नाही असेही म्हणता येत नाही. त्यांची आठवण झाली, ती दाराला कडी लावण्यापुरती.

त्या कलमाचा अर्थ आपण लावतो तसा लावला, तर मी अपात्र ठरतो. १९८६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मी एका मनोरुग्णालयात सव्वाचार महिने होतो. ते कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ही गोष्ट ह्या सभागृहातील चार-पाच वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे, आणि त्यांनी ती आजवर कोणापाशी उच्चारली नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. माझ्या दोन्ही मुली आपापल्या घरी सुखी आहेत, घरच्या मंडळींची अनुमती मिळाली आहे, म्हणून आज बोलतो. दोन्ही व्याह्यांकडे मी गेल्या महिन्यात स्वतः जाऊन आलो. एकांनी माझा हात हातात घेतला. दुसऱ्यांनी चहा मागविला आणि पावसाचा विषय काढला. त्यांनाही मी दोष देत नाही. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पोचवा' ही थट्टा ज्या घरात होत नाही, असे घर आपल्या ज्ञातीत किती असेल? मी स्वतः वर्गात एका द्वाड मुलाला तसे म्हटले आहे, आणि तेही इस्पितळातून परतल्यावर.

प्रथम शाळेची एक गोष्ट सांगतो. आमच्या शाळेची वार्षिक तपासणी होत असे. तारीख आधी कळे. आदल्या दिवशी फळ्याला काळा रंग लागे, भिंतीवर तक्ते चढत, आणि चार हुशार मुले पहिल्या ओळीत येऊन बसत. हे सारे मीच करीत असे, तेव्हा परनिंदा करतो आहे असे समजू नये. साहेब प्रश्न विचारीत, पोरे धडाधड उत्तरे देत, आणि शेरेबुकात 'समाधानकारक' असा शेरा पडे. मागच्या कोपऱ्यावरची कौले फुटली होती. पावसाळ्यात तिथली मुले दप्तरे पोटाशी धरून बसत. साहेबांना हे कधीच कळले नाही, कारण तपासणी डिसेंबरात होई. कोपऱ्यातल्या एखाद्या मुलाला विचारले असते, तर त्याने एका वाक्यात सांगितले असते. पण साहेब कोपऱ्यापर्यंत कधी जात नसत.

मी रुग्णालयात होतो तेव्हा १९१२ चा ल्यूनसी अ‍ॅक्ट चालू होता. कायद्याच्या भाषेत मी 'ल्यूनॅटिक' होतो. माझ्या दादाने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करून मला दाखल केले होते. त्या कायद्यानुसार प्रत्येक इस्पितळासाठी सरकारने निदान तीन अभ्यागत नेमावयाचे, त्यांतील एक तरी वैद्यकीय अधिकारी असावयाचा, आणि तुरुंगांचे महानिरीक्षक तर पदसिद्धच अभ्यागत. तुरुंगाच्या अधिकाऱ्यास जागा होती, आत राहणाऱ्यास नव्हती. अभ्यागत यावयाचे त्या दिवशी सकाळी धुतलेल्या चादरी येत आणि संध्याकाळी परत जात. वॉर्डातले जुने रहिवासी चादरींवरून दिवस ओळखीत.

दाखल होतेवेळी माझे घड्याळ, लेंग्याची नाडी आणि चष्मा काढून घेण्यात आला. नाडी का घेतात हे समजते. काचेने कोणी स्वतःस इजा करील, ही भीतीही खोटी नव्हे. परंतु घेतलेला चष्मा परत केव्हा द्यावयाचा, हे तेथे कोणाच्याच कामात मोडत नव्हते. माझा चष्मा उणे सहा नंबरचा. त्यावाचून मला समोरच्या माणसाचे तोंड दिसत नसे. सहा आठवडे मी धुक्यात काढले. डॉक्टर दर आठवड्यास येत. ते भले गृहस्थ होते, त्यांनी माझ्यावर मनापासून उपचार केले, आणि त्यांनी सुरू केलेल्या औषधांपैकी एक गोळी मी आजही घेतो. घरी सोडताना जे कागद दादाच्या हाती आले, त्यांत त्या सहा आठवड्यांची नोंद होती: वर्तमानपत्र दिले असता पाहात नाही, समोरच्याच्या नजरेस नजर देत नाही, भोवतालाविषयी उदासीन. तिन्ही निरीक्षणे अक्षरशः खरी होती!

शेजारच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ होते. पूर्वी गिरणीत जॉबर होते, आणि अकरा वर्षे तेथेच होते. एका रात्री ते हळूच म्हणाले, "मास्तर, चष्मा हपिसातल्या कपाटात असतो. रोजच्या बाबूकडं मागू नका. तो म्हणतो अर्ज लिहा, आणि पेन्सिल तर आपल्याला देत नाहीत. रविवारचा शिपाई आला की त्याला सांगा. तो देतो." रविवारी मला चष्मा मिळाला. सोमवारी मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, बाजारभावसुद्धा. त्याच महिन्यात माझ्या कागदावर सुधारणा नोंदली गेली, ती औषधाचा गुण म्हणून. औषधाचा गुण असेलही, मी ते नाकारीत नाही. पण तीन अभ्यागत, एक अधीक्षक आणि चार डॉक्टर ह्यांना जे ठाऊक नव्हते, ते त्या जॉबरबाबांना ठाऊक होते. त्यांना मात्र कोणी कधी काही विचारले नाही.

आता कायद्याविषयी थोडे. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला. तो १९९३ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यात अभ्यागत पाच झाले आणि त्यांत दोन समाजकार्यकर्ते आले. रुग्ण नव्हतेच. पुढे आपल्या देशाने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्यात असे मान्य केले आहे की, अपंगांविषयी धोरण ठरविताना खुद्द त्यांच्याशी विचारविनिमय करावयाचा, आणि मनाच्या दीर्घ आजाराने ग्रस्त माणसेही त्यांतच येतात. त्यानंतर मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा झाला आणि तो २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. ह्या कायद्याने राज्य प्राधिकरणावर, ज्यांना मनाचा आजार आहे अथवा होऊन गेला आहे अशांचे दोन प्रतिनिधी, आणि शुश्रूषा करणाऱ्या नातलगांचे निराळे दोन प्रतिनिधी, अशा जागा ठेविल्या. केंद्रातही तशाच. १९१२ पासून मोजले तर एवढ्यासाठी शंभरावर वर्षे लागली.

परंतु त्याच कायद्यात जिल्ह्यांसाठी जी पुनर्विलोकन मंडळे सांगितली आहेत, तेथे पाहा. मनाविरुद्ध ठेवल्याची तक्रार असो की वागणुकीची, रुग्णाने दाद मागावयाची ती ह्याच मंडळांपुढे. त्यांत सहा सभासद. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी, दोन वैद्यकीय व्यवसायी, आणि उरलेले दोघे कोण? तर मनोरुग्ण, किंवा शुश्रूषा करणारे, किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी, किंवा ह्या क्षेत्रात काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधी. जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसाला हे 'किंवा' खटकते. विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय वाक्यात आले, की ज्याला टाळावयाचे त्याला टाळण्याची सोय होते. त्या दोन जागा दोन संस्थाचालकांना दिल्या, तरी कायदा मोडला असे कोणास म्हणता यावयाचे नाही. आणि आपल्या निवासस्थानासारख्या एकेका संस्थेच्या सल्लागार मंडळात कोण असावे, हे तर ह्या कायद्याने ठरवून दिलेलेच नाही. ते आपल्यावर सोपविले आहे.

ह्याच कायद्याचे विसावे कलम मी वकीलसाहेबांकडून समजावून घेतले. रुग्णाचे केस सक्तीने काढू नयेत. त्याला स्वतःचे कपडे वापरावयाचे असतील तर वापरू द्यावे. स्त्रियांना मासिक पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू मिळाव्या. रुग्णाकडून सक्तीने काम करवून घेऊ नये, आणि काम केले तर मोबदला द्यावा. ऐकताना माझ्या मनात आले की, ह्या गोष्टी भेटीला येणाऱ्याच्या नजरेस पडणाऱ्या नव्हेत. ज्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरला आहे, त्यालाच त्या सुचावयाच्या.

परदेशात हा विचार जुना आहे. इंग्लंडचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल ह्यांचा मुलगा जॉन पर्सिव्हल १८३० नंतरच्या काही वर्षांत अशा संस्थांत कोंडला गेला होता. सुटल्यावर त्याने आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि १८४५ साली समदुःखी मंडळींसह एक साहाय्यक सभा काढली. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स नावाचा पदवीधर तीन वर्षे तीन संस्थांतून राहून आला. १९०८ साली त्याने आपली कहाणी लिहिली आणि १९०९ मध्ये मनःस्वास्थ्याची राष्ट्रीय समिती उभी केली. त्याच देशात १९८६ साली, म्हणजे मी चष्म्यावाचून बसलो होतो त्याच वर्षी, मनोरुग्णांच्या संरक्षणाचा एक कायदा झाला. त्याअन्वये प्रत्येक राज्यातील संरक्षण संस्थेला जे सल्लागार मंडळ असते, त्याचे निदान शेकडा ६० सभासद रुग्ण, पूर्वी रुग्ण असलेले अथवा त्यांचे कुटुंबीय असावे लागतात, आणि अध्यक्षही त्यांच्यातलाच. मी शेकडा ६० मागत नाही. नवांत दोन मागतो.

येथे कोणी म्हणेल की, गुरुजी, दात्यांच्या प्रतिनिधींपैकी एकांच्या घरी आजारपण होऊन गेले आहे, तेव्हा रुग्णांची बाजू मांडली जाईलच. ह्यावर मला थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण मोठ्यात मोठा गैरसमज येथेच आहे. माझ्या दादाने माझ्यासाठी जे केले, त्याची परतफेड सात जन्मांत व्हावयाची नाही. दर पंधरवड्यास तो एस.टी.ने पाच तास प्रवास करून येई, आणि त्याच्या पिशवीत वहिनीने केलेले बेसनाचे लाडू असत. तथापि अधीक्षकांशी तो जे बोले, ते त्याच्या काळजीतले असे: अजून काही महिने ठेवा, दार नीट लागते ना, पळून तर जाणार नाही ना. त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. पण माझे मागणे निराळे होते. मला चष्मा हवा होता, रात्री दिवा हवा होता, आणि माझी नोकरी राहिली की गेली, हे कोणी खरे सांगावे असे वाटत होते. दादाला माझ्या जिवाची चिंता होती. मी दिवस कसा काढतो, हे त्याला माहीत नव्हते, आणि मीही त्याला ते सांगू शकलो नाही. २००१ साली ६ ऑगस्टला तामिळनाडूतील एर्वाडी येथे आग लागून साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्यू पावले. त्यांना तेथे ठेवणारे बहुतेक त्यांचे आप्तच होते, आणि बरे होईल ह्या आशेनेच त्यांनी ठेविले होते. म्हणून आप्तांची जागा निराळी आणि रुग्णाची निराळी. राज्य प्राधिकरणापुरता कायद्याने हा भेद ओळखला आहे, तो आपणही ओळखावा.

दुसरी शंका अशी की, असा माणूस सभेत काही भलतेच बोलला तर? अहो, भलतेच बोलण्याची मुभा आपल्या सभांत आजवर कोणास नव्हती? ज्याचा आजार त्या वेळी उसळला असेल त्याने रजा घ्यावी, जशी हृदयविकाराच्या सभासदाने घ्यावी, आणि बरे वाटल्यावर आपल्या जागेवर परत यावे. आपल्या राज्यघटनेनेही विकल मनाच्या माणसास संसदेचा सभासद होण्यास अपात्र ठरविले आहे, हे खरे. पण तेथे सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केलेले असावे लागते. आमच्या सातव्या कलमास न्यायालय लागत नाही, कुजबुज पुरते.

तिसरी अडचण मात्र खरी आहे, आणि ती आपल्या ज्ञातीची आहे. नाव उघड झाले तर घरातल्या मुलामुलींच्या सोयरिकीचे काय? मी स्वतः ह्यासाठी अडतीस-एकोणचाळीस वर्षे गप्प राहिलो, तेव्हा दुसऱ्यास धीट होण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करू? माझी सूचना एवढीच की, ह्या दोन सभासदांची नावे त्यांच्या लेखी संमतीवाचून स्मरणिकेत छापू नयेत, आणि ते आपल्याच ज्ञातीचे असावेत अशी अट घालू नये. परज्ञातीचा माणूस आपल्या घरच्या पोराची काळजी कदाचित अधिक मोकळेपणाने घेईल.

आता दोन जागाच का, एक का नको? मी तालुक्याच्या एका शिक्षणसमितीवर शिक्षकांचा एकमेव प्रतिनिधी होतो. कागद इंग्रजीत येत, तेही सभेच्या टेबलावर. बोलण्याची पाळी शेवटी येई, तेव्हा चहा आलेला असे. तीन वर्षांत माझ्या नावावर एकच वाक्य इतिवृत्तात लागले, ते आभारप्रदर्शनाचे. एकट्याची शोभा होते. दोघे असले, तर निदान परस्परांकडे पाहून धीर येतो. शिवाय सभा सकाळी ठेवू नये. रात्रीच्या औषधाची गुंगी सकाळी उतरलेली नसते, हे डॉक्टरमंडळी जाणतात, पण सभेची वेळ ठरविताना विसरतात. कागद मराठीत आणि आठ दिवस आधी मिळावे. जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती मिळावी, कारण डॉक्टर आणि वकील ह्यांना एक दिवस परवडतो, नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसास परवडत नाही. त्यांना पूर्वसूचना न देता केव्हाही निवासस्थानात जाण्याची, स्वयंपाकघरात डोकावण्याची आणि तेथील माणसांशी एकांतात बोलण्याची मुभा असावी. त्यांनी जे लिहून दिले असेल, त्याचे उत्तर पुढच्या सभेत लेखी द्यावे. मान्य नसेल तर 'मान्य नाही' असे लिहावे, पण कारणासह.

ह्या जागेसाठी मी स्वतः इच्छुक नाही, हेही स्पष्ट करतो. माझा अनुभव जुना झाला. त्या वेळची औषधे निराळी, कायदा निराळा, आणि मी पुरुषांच्या वॉर्डात होतो. दोहोंपैकी एक जागा स्त्रीला मिळावी आणि गेल्या चार-पाच वर्षांत उपचार घेतलेल्यांना प्राधान्य असावे, असे मी लिहून दिले आहे. त्यांना सभेस सोबत लागली, तर एस.टी.ने बरोबर जाण्यास मी तयार आहे. मला आता दुसरे काम नाही.

सातव्या कलमातील ते वाक्य वगळावे, आणि नऊ जागांच्या दात्यांस व डॉक्टरांस धक्का न लावता एकूण अकरा कराव्या, किंवा मंडळास अकरा जड वाटत असतील तर नवांतच दोन मोकळ्या कराव्या, अशी दुरुस्ती मी चिटणीसांकडे लेखी दिली आहे. दुपारच्या सर्वसाधारण सभेत ती मांडली जाईल. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची सही अद्याप व्हावयाची आहे. ज्यांना करावयाची असेल त्यांनी कृपा करून भोजनापूर्वी चिटणीसांस भेटावे. कागद त्यांच्या टेबलावर आहे.